मारी, जोसेफ आणि आमचे सर

पहिल्या भेटीत सरांनी मला बसायला सांगितलं नाही. आधी विचारलं, "तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय?"

मी नोकरीसाठी गेले होते. हातात पुण्याला फ्रेंचमध्ये एम.ए. केल्याच्या प्रमाणपत्रांची फाईल होती. ती त्यांनी उघडलीही नाही. मी आईचं माहेरचं आडनाव सांगितलं.

"आणि आजीचं? आईच्या आईचं?"

ते मला ठाऊक नव्हतं. आम्ही तिला आजी म्हणायचो आणि गावात सगळे माई म्हणायचे. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, फार वाईट वाटल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बघा. दोनच पायऱ्या उतरलो, आणि बाई हरवली."

मग म्हणाले, "बसा."

गेल्या हिवाळ्यात सर गेले. तेव्हापासून त्यांच्याविषयी काही लिहावं म्हणते आहे आणि दर वेळी पहिल्या वाक्याशीच अडखळते. माणसाची ओळख करून द्यायची तर सुरुवात कुठून करावी याबद्दल सरांची मतं फार कडक होती. ती पाळायची तर त्यांच्या पणजीपासून सुरुवात करावी लागेल. तेव्हा ती मोडून, जसं आठवेल तसं लिहिते.

ते नव्वदच्या दशकाचे शेवटचे दिवस. नोएडात आमच्या सेक्टरमध्ये निम्म्या इमारती पुऱ्या झाल्या होत्या, निम्म्यांच्या नुसत्या सळ्या वर आल्या होत्या. आमच्या सोसायटीत लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. ऑफिस एका कपडे शिवण्याच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली दिवसभर शिलाई मशिनं चालायची, वर आमचे कीबोर्ड. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत दोन्ही मजले एकदम गप्प व्हायचे.

काम असं होतं. कॅनडाच्या ज्या भागात फ्रेंच बोलतात, त्या क्वेबेकमधल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रं आमच्याकडे सीडीवर यायची. बाप्तिस्मा, लग्न, दफन. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्यांनी पिसाच्या लेखणीने लिहिलेल्या ओळी. अमेरिकेतली एक कंपनी लोकांना त्यांची वंशावळ काढून द्यायची, आणि त्या वंशावळीतली नावं आमच्याकडे टाइप व्हायची. टाइप करणारी मुलंमुली गाझियाबाद, दादरी, बुलंदशहर अशा ठिकाणांहून येत. त्यांना फ्रेंच येत नव्हतं. अक्षराचं वळण बघून ती टाइप करत. एकच पान दोघांनी वेगवेगळं टाइप करायचं, आणि जिथे दोघांचं जुळणार नाही तिथे निर्णय सरांनी आणि मी द्यायचा.

सर दिल्लीतच वाढलेले. वडील केंद्र सरकारात कारकून, लहानपण सरकारी क्वार्टरमध्ये, शाळा पहाडगंजची, मराठी माध्यमाची. पुढे फ्रेंच शिकून एका दूतावासात भाषांतरकार म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर इथे आले. लग्न केलं नव्हतं. एप्रिलपर्यंत स्वेटर घालायचे. उजव्या नाकपुडीवर एक बारीक भोक होतं, जुनं, बुजत आलेलं. हिंदी बोलताना त्यांचा आवाज बसकंडक्टरसारखा खणखणीत असायचा, पण फ्रेंच वाचायला लागले की खाली यायचा, शेजारच्या खोलीत कुणी आजारी झोपलं असावं तसा.

मी तिथे लागले तेव्हा माझी मुलगी जाऊन थोडेच महिने झाले होते. बारशाच्या आधीच गेली, म्हणून तिला नाव नव्हतं. दवाखान्याच्या कागदावर माझ्या नावापुढे नुसतं 'बेबी' असं होतं. घरात तिच्याबद्दल बोलायला कुणी मनाई केली नव्हती. पण बोलायचं तर तिला म्हणायचं काय, इथेच सगळं थांबायचं. सासूबाई 'ते' म्हणायच्या. 'ते झालं तेव्हा गॅसचा नंबर लावलेला होता.' नवरा काहीच म्हणायचा नाही. त्याने नोकरीची जाहिरात कापून माझ्या उशाशी ठेवली, एवढं मात्र केलं.

कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी सर हात धुवायचे. बत्रासाहेब म्हणजे आमचे मॅनेजर. ते एकदा म्हणाले, "सर, स्क्रीन को तो हाथ लगाना ही नहीं है."

"किसी के घर जाते हो तो जूते उतारते हो न?" सर म्हणाले. "क्या इसलिए कि फ़र्श ख़राब होगा?"

बत्रासाहेबांनी नुकतीच घराला संगमरवरी फरशी घातली होती आणि ते पाहुण्यांना खरोखर त्याचसाठी बूट काढायला लावायचे. 

पाद्र्यांशी सरांचे संबंध घरच्यासारखे होते. एकाचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं होतं. त्याला सर 'गधडा' म्हणायचे. "गधड्याने आज परत शाईत पाणी घातलंय." दुसरा एक होता गोल, ठसठशीत अक्षराचा. मुलाच्या बाप्तिस्म्याला बाप हजर नसेल तर तो कुठे गेला आहे हेही तो लिहायचा: जंगलात, कातड्यांच्या व्यापाराला. त्याच्यावर सरांचा फार जीव. एका गावाच्या कितीतरी वर्षांच्या नोंदी त्याच्याच अक्षरात होत्या. शेवटी शेवटी ते अक्षर कापायला लागलं. सर रोज सकाळी आल्या आल्या तीच फाईल उघडायचे, आजाऱ्याची चौकशी करावी तशी. मग एका पानावर निराळं अक्षर आलं, आणि त्या अक्षरातली पहिलीच नोंद जुन्या पाद्र्याच्या दफनाची. सर उठले, खाली गेले आणि सगळ्यांसाठी समोसे घेऊन आले.

"किस ख़ुशी में, सर?" कुणीतरी विचारलं.

"ख़ुशी नहीं. अपने पादरी साहब गुज़र गए," सर म्हणाले आणि चटणीची पुडी सोडायला लागले. एक मुलगी समोसा हातात धरून बराच वेळ तशीच उभी राहिली. खावा की नाही, तिला कळेना.

क्वेबेकमधल्या घराण्यांना दोन-दोन आडनावं असत. फ्रान्समधून आलेल्या शिपायांना फौजेत टोपणनावं मिळायची, ती पुढे आडनावाला चिकटली. लाफ्लर म्हणजे फूल. सां-सूसी म्हणजे बिनघोर. लादूसर म्हणजे गोडवा. "हे आपले गोडबोले," सर म्हणायचे. मूळ आडनाव, मग 'दी' हा शब्द, म्हणजे 'ऊर्फ', आणि मग टोपणनाव. एक भाऊ मूळ आडनाव लावी, दुसरा टोपणनाव, आणि पुढे त्यांची नातवंडं एकमेकांना ओळखत नसत.

"आपल्याकडे काय वेगळं आहे?" सर मला म्हणायचे. "मूळचे कुलकर्णी. एक भाऊ कुलकर्णीच राहिला, दुसरा गावावरून काहीतरी-कर झाला. आता दोघांची नातवंडं चार्टर्ड बसमध्ये शेजारी बसतात आणि खिडकी उघडायची की नाही यावरून भांडतात."

बुलंदशहरचा दिनेश नावाचा एक जण रोज उशिरा यायचा. त्याला सरांनी 'दिनेश दी सां-सूसी' केलं. दिनेशला ते इतकं आवडलं की त्याने डब्यावर तेच कोरून घेतलं. सरांनी स्वतःच्या दारावरही तशीच पाटी लावली होती: वडिलांचं आडनाव, मग 'दी', मग आईच्या माहेरचं आडनाव. मयूर विहारातल्या त्यांच्या फ्लॅटवर गॅस सिलिंडरवाला दोनदा येऊन परत गेला. त्याच्या मते त्या घरात दोन कुटुंबं राहत होती आणि कनेक्शन नेमकं कुणाचं ते त्यांचं ठरत नव्हतं.

पण सरांना त्या नोंदींमधलं सगळ्यात जास्त आवडायचं ते वेगळंच. तिथली बाई लग्नानंतर नाव बदलत नव्हती. बाप्तिस्म्याच्या वेळी जे नाव, तेच लग्नात, तेच मुलांच्या नोंदीत, तेच दफनात. नवऱ्याचं नाव शेजारी यायचं, पण तिच्या नावावर बसायचं नाही. "तिकडे बाई हरवत नाही," सर म्हणायचे. कुणाची लग्नपत्रिका आली की ते ती तपासायला घ्यायचे. 'सौ. व श्री.' दिसलं की बोटाने त्या 'सौ.'वर टकटक करायचे. "ही कोण? कुठून आली? हिला कुणी नाव ठेवलं होतं की नाही?"

माझंही नाव लग्नात बदललं होतं. ताटातल्या तांदळात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी एकदा जुनं नाव विचारून घेतलं आणि त्यानंतर ऑफिसात मला त्याच नावाने हाक मारायला लागले. दिल्लीत घराबाहेर ते नाव दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्यांदा त्यांनी हाक मारली तेव्हा मी मागे वळून पाहिलं, कुणाला बोलावतात म्हणून.

आता त्या मार्चमधली गोष्ट सांगते.

क्वेबेकच्या नोंदींमध्ये जवळजवळ प्रत्येक मुलीचं पहिलं नाव मारी असायचं आणि प्रत्येक मुलाचं जोसेफ. त्यानंतर धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं नाव, आणि शेवटी घरात हाक मारायचं. टाइप करणारी मुलं वैतागायची. "सर, पूरे गाँव में एक ही नाम? शाम को माँ आवाज़ लगाती होगी तो सौ बच्चे आ जाते होंगे."

त्या दिवशी सर एक घराणं तपासत होते. नदीकाठच्या गावातलं, भरपूर मुलांचं. मध्येच थांबून त्यांनी दिनेशला बोलावलं.

"दिनेश, यह मारी-आंजेलिक क्यों काटी?"

"रिपीट है, सर. माँ वही, बाप वही, नाम वही. पादरी ने दो बार चढ़ा दिया."

"दो साल के फ़र्क़ से?"

"हाँ, तो वह उमर वाला चक्कर होगा," दिनेश समजावून सांगायला लागला. "हमारे यहाँ भी स्कूल में दाख़िले के टाइम दो साल कम लिखवा देते हैं, सर. आगे नौकरी में काम आता है."

आसपासच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही ते पटलं. माझ्या दिराचीही दोन वर्षं अशीच शाळेत खाल्लेली होती.

 सरांनी त्याच गावाच्या दफनांची वही उघडली आणि सावकाश खाली येत गेले. दोन बाप्तिस्म्यांच्या मधल्या हिवाळ्यात ती सापडली. मारी-आंजेलिक, वय सव्वा वर्ष. आईबाप तेच.

"दो लड़कियाँ हैं," सर म्हणाले. "पहली चली गई. फिर दूसरी हुई तो उसको वही नाम दिया."

दिनेशचा चेहरा उतरला. "मरी हुई बच्ची का नाम कोई कैसे रख सकता है, सर? अपशकुन होता है."

"हमारे यहाँ होता है. उनके यहाँ नहीं होता था."

मग कळलं की असं प्रत्येकानेच केलं होतं. एका घरात तेच नाव पुन्हा आलं की पहिलं काटायचं, असा त्यांनी आपापसात नियमच करून टाकला होता आणि बत्रासाहेबांनी तो मान्य केला होता. कुणाचाही त्यात आळस नव्हता. गेलेल्या मुलाचं नाव त्याच घरात पुन्हा ठेवतील हे त्यांच्यातल्या एकाच्याही मनात येणं शक्य नव्हतं. आधीच्या सगळ्या सीडींमधून थोरली थोरली मुलं अशी पुसली गेली होती. आणि तो सगळा माल त्याच आठवड्यात अमेरिकेला जायचा होता.

सर बत्रासाहेबांच्या केबिनमध्ये गेले. फरकांची फाईल घेऊन मीही मागोमाग गेले.

"सर, क्लाएंट को फ़ैमिली ट्री चाहिए," बत्रासाहेब म्हणाले, "जंगल नहीं. इन बच्चों की आगे औलाद हुई? नहीं हुई. तो पेड़ में इनका क्या काम? कौन ढूँढने आएगा इनको?"

सरांनी वाद घातला नाही. बत्रासाहेबांनी मागवलेला चहा बशीत ओतला. मग नेहमीच्या सवयीने, दुसरंच काही विचारावं तसं विचारलं, "बत्रासाहब, आप लोग कितने भाई-बहन?"

"चार," बत्रासाहेब म्हणाले. मग पेपरवेट जरा सरकवून म्हणाले, "मतलब, पाँच थे. एक रिफ्यूजी कैंप में हुआ था, जब पाकिस्तान से इधर आए. मैंने देखा नहीं."

सर चहा प्यायले. मी फाईलकडे बघत राहिले. 

"बीजी आज भी पाँच ही बताती हैं," बत्रासाहेब आईबद्दल म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी फोन जवळ ओढला. "कितना टाइम लगेगा, सर? मैं बोल देता हूँ वायरस आ गया है."

पुढचे कितीतरी दिवस सगळं ऑफिस एकच काम करत होतं. बाप्तिस्मे एका पडद्यावर, दफनं दुसऱ्यावर, आणि दोन माणसं शेजारी बसून जोड्या लावत. मला वाटलं होतं सगळे उदास होतील. झालं उलटंच. कोपऱ्याकोपऱ्यातून हाका यायला लागल्या, "सर, यहाँ भी दो हैं." "सर, यह तो तीन जोसेफ़ निकले." दिनेश वेळेवर यायला लागला. एक मुलगी सुटी टाकून गावी जाणार होती, ती म्हणाली, "यह वाला घर पूरा करके जाऊँगी." मेलेल्यांचीच नावं होती सगळी, पण काटलेलं नाव परत ओळीत बसलं की त्या मुलांच्या तोंडावर, घरी कुणी आल्यावर दिसतो तसा आनंद दिसायचा.

अशाच एका दुपारी माझ्यासमोर एक दफन आलं. घरीच सुईणीने पाणी शिंपडून बाप्तिस्मा दिलेली मुलगी. चर्चपर्यंत नेण्याआधीच गेली. नावाच्या जागी पाद्र्याने लिहिलं होतं: निनावी. पण आईबापांची नावं पुरी होती, आईचं माहेरच्या आडनावासकट, आणि खाली साक्षीदार म्हणून दोन माणसांची नावं.

मी ती ओळ पुढे सरकवू शकले नाही. सरांनी आपल्या जागेवरून पाहिलं असावं. खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

मी त्यांना सांगितलं. मराठीतच बोललो, त्यामुळे आसपास कुणाला कळलं नाही. मुलीचं सांगितलं. मग जे घरातही कुणाला सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, की मला पुन्हा दिवस गेले आहेत. आणि कशाची भीती वाटते ते सांगितलं. हे बाळ झालं की सगळे त्यालाच पहिलं म्हणतील. मोठी होतीच कुठे, असं होऊन जाईल. दिनेशने काटली तशी ती काटली जाईल, आणि कुणाची चूकही नसेल.

 सरांनी सरकारी कचेरीत विचारतात तसं कोरडेपणाने विचारलं, "बारसं ठरलं होतं?"

"हो."

"तुमच्याकडे नाव कोण ठेवतं? आत्या?"

"हो. माझ्या वन्सं. नागपूरला असतात. आल्या होत्या त्यासाठी."

"मग नाव घेऊनच आल्या असतील."

हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. वन्सं आल्या, दोन दिवस माझ्या उशाशी बसल्या आणि गेल्या, एवढंच मला आठवत होतं.

"म्हणजे नाव होतं," सर म्हणाले. "ठेवायचं राहिलं, एवढंच." मग बोट नाकाजवळ नेऊन ते भोक दाखवत म्हणाले, "हे पाहिलंत? माझ्या आधीची दोन गेली. म्हणून माझं नाक टोचलं आणि नाव असं ठेवलं की यमालाही हाक मारायला लाज वाटावी. मी वाचलो. पण त्या दोघांची नावं आईने कधी उच्चारली नाहीत. कॉलेजात असताना एकदा विचारलं, तर म्हणाली, आता काय त्याचं. ती गेली आणि विचारायचं माणूसच संपलं. तुमचं माणूस अजून आहे. नागपूरला फोन लागतो."

फोन लावायला मला बरेच आठवडे लागले. सासूबाईंना दिवस गेल्याचं सांगितल्यावर त्यांनी डॉक्टरीणबाईंना माझ्यादेखत सांगितलं, "पहिलंच आहे." त्या दिवशी संध्याकाळी मी सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले.

"वन्सं, एक विचारू?"

"विचार की गं."

"तेव्हा बारशाला काय नाव ठरवून आला होतात?"



"फोनवर नाही सांगणार," वन्सं म्हणाल्या. "ते पाळण्याशी सांगायचं असतं. इतके दिवस तोंडात धरून बसलेय, तर आणखी थोडे दिवस. मला वाटलं, मला हे कुणी कधी विचारणारच नाही." मग नाक ओढून म्हणाल्या, "आईचं मी बघते."

कंपनी पुढे काही वर्षांनी बंद पडली. मुलं कॉल सेंटरांमध्ये गेली. दिनेश गुडगावला मॅनेजर झाला, दिवाळीला अजून फोन करतो. सर मयूर विहारात एकटेच राहिले. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वंशावळी काढून द्यायचे. मागितलेल्या, न मागितलेल्याही. त्यांच्या जिन्यावरची एक पंजाबी आजी आपल्या आईचं नाव सांगताना रडली आणि दुसऱ्या दिवशी राजमा घेऊन आली. ते गेले तेव्हा शोकसभेला मराठी माणसं थोडी होती आणि त्या सोसायटीतल्या बायका खूप. एकेक उठून आपापलं माहेरचं नाव सांगून बोलायला सुरुवात करत होती. सरांनी सवयच तशी लावली होती त्यांना.

पण हे सगळं फार पुढचं. बारशाचं सांगायचं राहिलं.

मुलगी झाली. हिवाळा होता, धुक्याचा. वन्सं नागपूरहून चार दिवस आधी आल्या आणि स्वयंपाकघरात आईशी बोलत राहिल्या. मला आतून सासूबाईंचा आवाज यायचा: "गेलेल्याचं नाव काढलं की पाठच्या जिवाला लागतं. मी नाही होऊ देणार." मग भांड्यांचा आवाज. वन्सं बाहेर येऊन माझ्याकडे बघून मान हलवायच्या. बारशाच्या सकाळपर्यंत काहीच ठरलं नव्हतं.

बारशाला सर आले. स्वेटरवर कोट, हातात कागदाची पिशवी. दारातच त्यांनी ती सासूबाईंना दिली. आत बाळाच्या दोन कुंच्या होत्या, लाल खणाच्या, एकाच मापाच्या. "करोल बागेत शिवून घेतल्या," सर म्हणाले. "शिंप्याला कुंची माहीत नव्हती. चित्र काढून दाखवलं तर म्हणाला, साहब, यह तो मंकी कैप है, पीछे से पर्दा क्यों लटक रहा है?"

सासूबाई हसल्या. मग कुंच्या हातात घेऊन म्हणाल्या, "छान आहेत हो. पण दोन कशाला आणल्यात? मूल तर एकच आहे."

"एक मोठीची," सर म्हणाले.

सासूबाईंनी दोन्ही कुंच्या घडी घालून कॉटवर ठेवल्या आणि आत निघून गेल्या. सर गॅलरीत पुरुषांमध्ये जाऊन उभे राहिले. माझा नवरा त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. शेवटपर्यंत तो तिथून हलला नाही.

सोसायटीतल्या बायका जमल्या. पाळण्यात आधी वरवंटा ठेवतात. बाळ तसं दणकट व्हावं, म्हणून. तो धुवून, हळदकुंकवाची बोटं ओढून सासूबाईंनी पाळण्यात ठेवला. मी बाळाला कुंची घालून मांडीवर घेऊन बसले होते. वन्सं पाळण्याशी आल्या. त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले.

"थांब," सासूबाई म्हणाल्या.

 मी बाळाला घट्ट धरलं.

"ती दुसरी कुंची कुठे आहे?"

कुणीच हललं नाही, तेव्हा त्या स्वतः कॉटपाशी गेल्या. कुंची घेऊन आल्या, वाकल्या आणि ती वरवंट्याला घातली. हनुवटी नव्हती तिथे नीट नाडी बांधली. मागचा पदर सारखा केला. बांधून झाल्यावरही त्यांचा हात बराच वेळ तिथेच होता.

"थंडी आहे," त्या कुणाकडे न बघता म्हणाल्या. मग वन्संना म्हणाल्या, "आता घे नाव. मोठीचं आधी."

नाव कानात सांगायचं असतं. पण वन्सं पाळण्यावर वाकून मोठ्याने म्हणाल्या, गॅलरीतल्या पुरुषांपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने.

"रेवती."

मग मी धाकट्या अदितीला तिच्या शेजारी ठेवलं.